आईचं ताट आणि बाळाची जनुके



"गुण आनुवंशिक असतात," असं आपण वर्गात शिकवतो. ते खरं आहे, पण अर्धंच. जनुके आई-वडिलांकडून मिळतात; त्यातलं कोणतं किती काम करणार, याची बरीचशी मांडणी मात्र आईच्या पोटात होते.

असं समजा, पाठ्यपुस्तक सगळ्यांना एकच मिळालं, पण काही धड्यांवर कुणी पेन्सिलने 'वगळा' अशी खूण केली. एक अक्षरही बदललं नाही, तरी शिकवणं बदललं. शरीरातली ही खूण म्हणजे डीएनएला चिकटणारा 'मिथाइल' नावाचा छोटा रासायनिक गट. तो चिकटला की बहुधा ते जनुक शांत बसतं. हा गट पुरवायला फॉलेट, बी-१२, कोलिन लागतं, आणि ते मुख्यतः अन्नातूनच येतं.

तीन उदाहरणं पाहू.

१) उंदीर : २००३ मध्ये अमेरिकेत वॉटरलँड आणि जर्टल यांनी गाभण माद्यांना हे घटक जास्त दिले. पिवळ्या रंगाचं जनुक तेच, पण तपकिरी पिल्लं जास्त जन्मली.

२) नेदरलँड्स : १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी अन्न रोखलं. त्या उपासमारीत गर्भ राहिलेल्यांची सुमारे ६० वर्षांनी तपासणी झाली. वाढीशी संबंधित 'आयजीएफ-२' जनुकावरच्या खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या.

३) पुणे : केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या गावांत अभ्यास केला. इथे खुणा नाही, मुलांची तब्येत मोजली. ज्या आयांमध्ये फॉलेट जास्त पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे नुसती एक गोळी पुरत नाही, समतोल लागतो.

मग आपण काय करायचं?

खुणांचं बरंच काम पहिल्या काही आठवड्यांत होतं, बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. म्हणून तयारी मुलीच्या वयापासून हवी. पालेभाजी, डाळ, उसळ यांतून फॉलेट मिळतं. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे यांतून. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

एक विनंती. हे वाचून कुठल्याही आईला दोष देऊ नका. या खुणा म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. जन्मानंतरचा आहार आणि खेळही मोजला जातो. त्यापेक्षा घरात शेवटी कोण जेवतं आणि तिच्या वाट्याला काय उरतं, ते आज रात्री बघा. शाळेत पोषण आहार वाढताना मुलींच्या ताटाकडेही लक्ष असू द्या. पुढच्या पिढीचं पुस्तक तिथेच उघडतंय.