पेन्सिलीच्या आधी चिमूट

गेल्या महिन्यात पालकसभा संपली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी एक आई थांबून राहिली. पिशवीतून दुरेघी वही काढून तिनं माझ्यापुढे धरली. मुलगी पावणेचार वर्षांची. पानभर ‘अ’. पहिले दोन आईनं हात धरून काढलेले, त्याखालचे घसरत घसरत रेघेबाहेर गेलेले, आणि शेवटच्या ओळीत पेन्सिलीनं कागदच फाटलेला. “बाई, शेजारच्या मुलाला बाराखडी येते. हिला काय करू?”

मी वही मिटली आणि विचारलं, “घरात रांगोळी आहे ना?”

त्या आईला मी थट्टा करतेय असं वाटलं. तुम्हालाही वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं नसतातच, नुसती मऊ कूर्चा असते. एकेक करून ती पुढची कित्येक वर्षं टणक होत राहतात. चौथ्या वर्षी हे काम अर्धंमुर्धंच झालेलं असतं. अशा हाताला दोन रेघांच्या मध्ये दहा वेळा ‘अ’ कोंबायला सांगितलं, की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा वर चढवतं आणि जीभ बाहेर काढतं. मग आपण म्हणतो, लक्ष नाही.

आता रांगोळीची चिमूट बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. पेन्सिल धरायला लागतात तीच तीन बोटं. दाबली तर रांगोळी अडते, सैल सोडली तर ढीग पडतो. किती दाबायचं हे बोटांनाच कळावं लागतं, सांगून कळत नाही. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांचे ढीगच पडतात. चार-सहा दिवसांनी कुणाची तरी वीतभर रेघ येते आणि ते मूल आपल्याच बोटांकडे बघत बसतं. मला तो क्षण फार आवडतो. (तोंडात घालायची सवय असेल तर रांगोळीऐवजी तांदळाचं पीठ द्या. आणि फरशी पुसायची तयारी ठेवा.)

तीच रांगोळी ताटात पसरली की धूळपाटी झाली. आपले पणजोबा फळीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं काढायला शिकले. ताट हलवलं की चुकलेलं पुसलं जातं. लाल शेरा नाही, खोडरबर नाही, फाटलेलं पान नाही. वहीला घाबरणारी मुलं ताटापुढून उठत नाहीत.

बाकीचं स्वयंपाकघरात आहेच. मटार सोलायला द्या. चपात्या लाटताना कणकेचा एक उंडा मुलाच्या हाती द्या. साप वळतील, सापांचे ‘ट’ आणि ‘ठ’ होतील. वाळत घातलेल्या रुमालांना चिमटे लावू द्या. खडू देताना मोडून द्या. अख्खा खडू मुठीत जातो, पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. मूल डावा हात पुढे करत असेल तर करू द्या, त्यात बिघडलेलं काही नाही.

आणि अक्षरं? त्यांची घाई नको, पण लपवूनही ठेवू नका. आधी कानानं ओळख होऊ दे. “स्वयंपाकघरातून क आण बघू.” कढई येते, कांदा येतो, किसणी येते. एकदा एकानं खलबत्ता ओढत आणला. क आणि ख यांतला फरक त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळला, माझ्या पायाच्या अंगठ्यालाही.

काढायला लागल्यावर क, ख, ग, घ याच क्रमाचा हट्ट धरू नका. जुनी माणसं ‘ग म भ न’पासून सुरुवात करत, ती उगीच नाही. चारही अक्षरांत उजवीकडे उभी काठी. ती एकदा साधली की डावीकडचा भाग तेवढा बदलायचा. मग ‘व ब क’ असेच सख्खे. डोक्यावरची रेघ अगदी शेवटी. आम्ही वर्गात म्हणतो, “घर बांधून झालं, आता छप्पर घाला.” छप्पर घालायला सगळ्यांना आवडतं. जमिनीवर खडूनं हातभर मोठं अक्षर काढा, मुलाला त्यावरून चालू दे. लहान अक्षराचं वळण मोठ्यातूनच येतं.

तक्ता विकत घेताना ‘ल’ आणि ‘श’ तेवढे बघून घ्या. पुष्कळ तक्त्यांवर ते हिंदी वळणाचे असतात. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा, हे 2009 च्या शासन निर्णयातही आहे. घरी एक आणि शाळेत दुसरं बघून मूल बुचकळ्यात पडतं.

रांगोळी-कणकेतून शिकवणं हे नवं खूळ आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना ताराबाई मोडकांचं नाव सांगा. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं ते खडे, शिंपले, पानं, बिया असल्या आजूबाजूच्या वस्तू घेऊनच. शेजारच्या मुलाच्या बाराखडीबद्दल मी काही बोलणार नाही. पाठ म्हणणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच.

तेव्हा ती दुरेघी वही तूर्त कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्या. पहिलीत लागेलच. उद्या सकाळी उंबऱ्याशी रांगोळी घालाल तेव्हा वाटी मुलाकडे सरकवा, आणि ढीग पडला तर हात धरू नका.