आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा



ही म्हण आपण घरात नेहमी ऐकतो. राजकारणात ती कशी लागू पडते, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून पाहू.

तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तहहयात असतात. त्यांचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवितात व त्याला सिनेट या वरिष्ठ सभागृहाची संमती लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये एक जागा रिकामी झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचे नाव सुचविले. सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते. त्यांचे म्हणणे असे, की नोव्हेंबरमध्ये निवडणूक आहे, आधी जनतेला कौल देऊ द्या. गार्लंड यांची साधी सुनावणीही झाली नाही. सिनेट कर्तव्य टाळत आहे, अशी टीका डेमोक्रॅटांनी केली.

सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा एक जागा रिकामी झाली. आता अध्यक्ष रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प होते. त्यांनी सुचविलेल्या एमी कोनी बॅरेट यांना सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती दिली, तीही निवडणुकीला अवघे आठ दिवस उरले असताना! या वेळी जनतेच्या कौलाची भाषा डेमोक्रॅटांच्या तोंडी होती आणि कर्तव्याची रिपब्लिकनांच्या.

दोघांपाशी उत्तरे होती. या वेळी अध्यक्ष व सिनेट एकाच पक्षाचे आहेत, असे रिपब्लिकन म्हणाले. नियम तुम्हीच घातला, आता तुम्हीच पाळा, असे डेमोक्रॅट म्हणाले. परंतु रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी २०१६ मध्येच सांगितले होते, की आमचा अध्यक्ष असताना असा प्रसंग आला तर माझेच शब्द माझ्यावर उलटवा. बॅरेट यांची सुनावणी त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली!

प्रतिपक्षाला शत्रू मानले, की नियम मोडल्याचे दुःख उरत नाही; तो कोणी मोडला एवढेच पाहिले जाते. यात खरे नुकसान दुर्बलांचे होते, कारण त्यांना नियमाचाच आधार असतो. भाषिक अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क भारतीय राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने दिला आहे. तो कोणत्याही पक्षाच्या मर्जीवर अवलंबून नाही. म्हणून नियमांची चाड आपल्याला अधिक हवी.

स्वाध्याय : वर्तमानपत्रातील एखादे राजकीय वक्तव्य घ्या. त्यातील पक्षांची नावे अदलाबदल करून ते पुन्हा वाचा. तुमचे मत बदलले का? बदलले असल्यास का, ते पाच ओळींत लिहा. पालकांनीही हा स्वाध्याय मुलांबरोबर अवश्य करावा.