पाठ ९ : शब्द ओठांवर आहे, पण आठवत नाही!

हे पाच शब्द सावकाश वाचा : पिवळं, आंबट, रस, पिळणे, सरबत.

तुमच्या मनात लिंबू आलं ना? पण या यादीत तो शब्द कुठेच नाही. मग तो आला कुठून?

कॉम्प्युटरमध्ये आपण एक फाईल एका फोल्डरमध्ये ठेवतो. मेंदूत मात्र ‘लिंबू’ नावाची अशी एकच फाईल नसते. लिंबाचा रंग, त्याची चव, ते पिळताना होणारी हाताची हालचाल, ही माहिती मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत असते. हे भाग जाळ्यासारखे जोडलेले असतात. कानशिलाच्या आतल्या बाजूचा भाग ही जोडणी करायला मदत करतो. जाळ्याचा एक धागा ओढला की शेजारचे धागेही हलतात. तसं ‘आंबट’ म्हटलं की ‘लिंबू’ जागं होतं.

या जाळ्याला इजा झाली तर? १९८४ साली एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस या शास्त्रज्ञांनी अशा काही रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांच्यातल्या एकाला होकायंत्र कशासाठी वापरतात ते सांगता आलं, पण पोपट म्हणजे काय ते सांगता आलं नाही. वस्तूंची माहिती बरीचशी राहिली होती, प्राण्यांची मात्र गेली होती.

तुमचं तसं झालेलं नाही! समजा, आजीशी फोनवर बोलताना तुम्हाला ‘किसणी’ हा शब्द आठवला नाही. लगेच वाटतं, “मला मराठी येतच नाही.” पण किसणी कशी दिसते, तिने काय करतात, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. आजीने नुसतं “कि...” म्हटलं, तरी तुम्ही पटकन शब्द पूर्ण करता. म्हणजे शब्द आत आहे. त्याच्याकडे जाणारी वाट कमी वापरलेली आहे, एवढंच. दोन भाषा बोलणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो.

वाट पक्की कशी करायची? २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणून शब्द अडला तर लगेच दुसऱ्या भाषेकडे पळू नका. थोडं थांबा. “ते गाजर किसतात ना, ते!” असं मराठीतच सांगून बघा. शेजारचे धागे हलले की शब्द बऱ्याचदा सापडतो. नाहीच सापडला, तर आजीला विचारा आणि तो शब्द त्याच वाक्यात वापरा.

शब्दार्थ
कानशील – डोळा आणि कान यांच्या मधला भाग
इजा – दुखापत
होकायंत्र – दिशा दाखवणारं यंत्र
अडणे – मध्येच थांबणे

स्वाध्याय
१. ‘लिंबू’ हा शब्द यादीत नसूनही मनात का येतो?
२. ‘चाळणी’ हा शब्द न वापरता चाळणीचं वर्णन तीन वाक्यांत करा.
३. आता पान झाका. या पाठातले पाच नवे शब्द आठवून लिहा. एका आठवड्याने पुन्हा लिहून बघा.