पुढे आलेला हात

स्वारगेटच्या चौकात तांबडा दिवा लागतो. वाहने थांबतात आणि त्यांच्या रांगांमधून एक वृद्ध स्त्री काठी टेकीत पुढे येते. ती फारसे बोलत नाही. उजवा हात पुढे करते आणि तोच हात कपाळाला लावते. रिक्षात बसलेले एक गृहस्थ खिसा चाचपून नाणे काढतात व तिच्याकडे न पाहताच तिच्या तळहातावर टाकतात. मागच्या दुचाकीवरील तरुण मोबाइलमध्ये डोके घालतो. तिसरा कोणी ‘चल, हो बाजूला’ म्हणून खेकसतो. दिवा हिरवा होतो, रांग निघून जाते. एवढ्याशा वेळात त्या स्त्रीला तीन उत्तरे मिळालेली असतात. परंतु तिचा चेहरा कसा होता हे त्या तिघांपैकी एकालाही सांगता येणार नाही.

अनोळखी माणसाने सुटे पैसे मागितले तर काय करावे, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. या शहरात मागणारे अनेक प्रकारचे होऊन गेले आणि शहराने त्यांना निरनिराळी उत्तरे दिली. काही उत्तरे शहाणपणाची होती, काही उदार असूनही आंधळी होती, तर काही निव्वळ कठोर होती.

मागण्याचे प्रकार मराठी भाषेनेच बारकाईने वेगळे केले आहेत. संन्यासी मागतो ती भिक्षा, विद्यार्थी मागतो ती माधुकरी, देवीचा उपासक मागतो तो जोगवा, सार्वजनिक कार्यासाठी गोळा करतात ती वर्गणी आणि निरुपाय झालेला माणूस मागतो ती भीक. हात सर्वांचाच पुढे येतो, पण त्यामागचे कारण एक नसते. जुन्या वाड्यांतील माणसांना हा भेद न शिकविता कळत असे. पहाटे मोरपिसांची उंच टोपी घालून, टाळ-चिपळ्या वाजवीत वासुदेव अंगणात येई. त्याचे गाणे ऐकून घरातील बाई सुपातून धान्य किंवा एखादा पैसा आणून देई. मग वासुदेव देवांची आणि संतांची नावे घेऊन दान पोहोचल्याचे सांगे. एका अर्थी तो व्यवहारच होता. गाण्याबद्दल धान्य आणि धान्याबद्दल पावती. ज्याला काही द्यावयाचे नसे, त्यालाही वाड्याच्या दारातून ‘पुढे हो, बाबा’ असे सांगितले जाई. नकारच तो, परंतु त्यातला ‘बाबा’ हा शब्द नकार ऐकणाऱ्याला माणसांतून उठवीत नसे.

पेशवाईत पुण्याची कीर्ती दूरवर पसरली ती दक्षिणेमुळेही. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालविली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे मोठे आवार होते. देशोदेशींहून आलेल्या ब्राह्मणांना त्या आवारात घेत आणि एकेकाला बाहेर सोडताना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत, म्हणजे एकाच माणसाने दोनदा घेऊ नये. यासाठी सरकारी खजिन्यातून लाखो रुपये खर्च होत. देण्याची हौस मोठी होती यात शंका नाही. मात्र गरज कोणाची, हे तेथे विचारले जात नव्हते. पुण्यातील एखादा उपाशी मजूर रमण्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला असता, तर जात पाहूनच त्याला परत पाठविले गेले असते. इंग्रजी अंमल आल्यावर दक्षिणेची रक्कम घटली आणि तिच्यातील काही भागातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. एका दिवसात वाटून संपणारा पैसा असा शाळेकडे वळला.

पुण्याने दिलेले सर्वांत हृद्य उत्तर मात्र सरकारवाड्यातून नव्हे, तर साध्या घरांच्या उंबरठ्यावरून दिले गेले. ते म्हणजे माधुकरी. मधुकर म्हणजे भुंगा. भुंगा अनेक फुलांतून थोडा थोडा मध घेतो आणि कोणत्याही फुलाला इजा करीत नाही. त्याचप्रमाणे विद्यार्थ्याने चार-पाच घरांतून थोडे थोडे शिजलेले अन्न मागून आणावे, अशी ही कल्पना. कोकणातून, देशावरून शिक्षणासाठी पुण्यात आलेली गरीब मुले सकाळी स्नान करून झोळी व भांडे घेऊन निघत. दाराशी उभे राहून ‘ॐ भवति भिक्षां देहि’ असे म्हणत. एका घरातून भात, दुसऱ्या घरातून भाजी, तिसऱ्या घरातून पोळी मिळे. आमटी आणि ताक एकाच भांड्यात मिसळले तरी तक्रार करण्याची सोय नसे. दुसरी रीत वार लावून जेवण्याची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरी ठरवून घ्यावयाचे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पोटाला पाण्याचा आधार.

या प्रथेकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य होणार नाही. काही घरांतील माउली माधुकरी मागणाऱ्या मुलासाठी आपल्या मुलांच्या आधी वाटा काढून ठेवीत, त्याचा अभ्यास विचारीत, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवीत. काही घरांत मात्र शिळा भात मिळे आणि त्याबरोबर ‘रोज कसला येतोस?’ हा शब्दही. अन्न दोन्ही घरांत मिळे, पण एका घरातून मूल ताठ मानेने बाहेर पडे आणि दुसऱ्या घरातून मान खाली घालून. शिवाय ही सोय प्रामुख्याने ब्राह्मण मुलांपुरती होती. इतर जातींतील गरीब मुलाला त्या उंबरठ्यापर्यंत जाताच येत नव्हते. मग त्याला तेथे मिळणार काय?

एकट्यादुकट्या मुलाने दारोदार हिंडण्यापेक्षा अशा मुलांचे एक घरच असावे, या विचारातून १९०९ मध्ये दादासाहेब केतकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह स्थापन केले. आरंभी या गृहातील मुलेही माधुकरी मागून आणीत. पुढे संस्थेने स्वतःचा छापखाना काढला आणि मुद्रणाचे शिक्षणही सुरू केले. ज्या हातांनी झोळी धरली होती, ते हात खिळे जुळवू लागले. हीच संस्था आज पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखली जाते. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यांतून आलेल्या गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय ती आजही करते.

मागणारा प्रत्येक वेळी स्वतःसाठीच मागतो असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येक माणसाने देशी उद्योगांसाठी वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. तेव्हा एका पैशाने कोणी गरीब होत नव्हता. या पैशांतून १९०८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. येथे देणाऱ्याला आपला पैसा कोठे गेला हे प्रत्यक्ष जाऊन पाहता येत होते. आजही हातात डबा घेऊन कोणी वर्गणी मागावयास आला, तर पावती मागणे हा उद्धटपणा नव्हे. प्रामाणिक कार्यकर्त्याला पावतीपुस्तक काढण्याचा कधीच राग येत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्याने या प्रश्नाला कायद्याने उत्तर द्यावयाचे ठरविले. मुंबई राज्यात १९५९ मध्ये भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. भीक मागणाऱ्या माणसाला वॉरंटवाचून पकडण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला आणि न्यायाधीशाने ठरविल्यास त्याला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येऊ लागले. या कायद्यातील भिकेची व्याख्या इतकी विस्तृत आहे की, गाणे म्हणून, नाच करून किंवा भविष्य सांगून पैसे मागणेही तिच्यात येते. ज्या वासुदेवाला वाड्यातील माणसे हात जोडीत, तो वासुदेव या व्याख्येप्रमाणे भिकारीच ठरतो! हाच कायदा पुढे दिल्लीतही लागू करण्यात आला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरविली. हा निर्णय दिल्लीपुरता होता. जगण्याचे दुसरे साधनच नसलेल्या माणसाला त्याच्या दारिद्र्याबद्दल शिक्षा कशी करता येईल, असा त्यामागील विचार होता. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत भिकाऱ्यांना रस्त्यांवरून व चौकांतून हटवावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा त्या न्यायालयानेही ती मान्य केली नाही.

एका बाबतीत मात्र कायदा कठोर आहे आणि तो तसाच असावयास हवा. दुसऱ्याच्या मुलाला हाताशी धरून, किंवा स्वतःच्याही मुलाला पुढे करून, भीक मागावयास लावणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे त्याला पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपये दंड होऊ शकतो. चौकात फुगे किंवा पेन घेऊन काचेवर टकटक करणाऱ्या मुलाच्या हातात पडलेले नाणे पुष्कळदा त्याच्याजवळ राहतच नाही. शिवाय ज्या मुलाला शाळेच्या वेळेत चौकात जास्त पैसे मिळतात, त्याला शाळेत कोण पाठवील? म्हणून अशा मुलाला पैशाऐवजी केळे किंवा बिस्किटाचा पुडा देणे बरे, आणि ते मूल संकटात दिसले तर घरातील मोठ्या माणसांकरवी १०९८ या क्रमांकावर कळविणे अधिक बरे. मुलांच्या मदतीसाठी असलेला हा क्रमांक कोणत्याही दूरध्वनीवरून विनामूल्य लावता येतो.

मोठ्या माणसाने हात पुढे केला तर निर्णय इतका सरळ नसतो. तो खरोखर उपाशी आहे, की त्याला व्यसनासाठी पैसे हवे आहेत, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. ओळखता येते असे म्हणणारे बहुधा स्वतःच्या सोयीचेच ओळखतात. देणाऱ्याला द्यावेसे वाटले तर द्यावे. मात्र नाणे हातात ठेवावे, लांबून फेकू नये. द्यावयाचे नसेल तर त्याच्याकडे पाहून ‘आज नाही, आजोबा’ असे स्पष्ट सांगावे. खिशात सुटे पैसे असताना ‘सुटे नाहीत’ म्हणण्याची काही गरज नाही. नकार देण्याचा अधिकार प्रत्येकालाच आहे. अलीकडे मोबाइलवरूनच सारे व्यवहार होऊ लागल्याने ‘सुटे नाहीत’ हे अनेकांच्या बाबतीत खरे झाले आहे, ही गोष्ट निराळी. भूक लागली आहे असे कोणी म्हणाला तर शेजारच्या गाडीवरून वडापाव घेऊन देता येतो. एकट्या मुलाने किंवा मुलीने मात्र रस्त्यावर पाकीट उघडून उभे राहू नये, कोणी हात धरला तर सोडवून घेऊन जवळच्या दुकानात जावे, आणि अनोळखी माणसाने कितीही करुण कहाणी सांगितली तरी त्याच्याबरोबर कोठेही जाऊ नये. दया करण्यासाठी बेसावध व्हावे लागत नाही.

या सर्व उत्तरांहून वेगळे उत्तर पुण्यातीलच एका डॉक्टरांनी शोधले. डॉ. अभिजित सोनवणे यांनी चांगल्या पगाराची नोकरी २०१५ मध्ये सोडली आणि दुचाकीवर औषधांची पेटी बांधून ते मंदिरे, मशिदी यांच्या दाराशी बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांना विनामूल्य तपासू लागले. उमेदीच्या कठीण दिवसांत एका वृद्ध भिक्षेकरी दांपत्याने त्यांना आधार दिला होता. त्याची आठवण या कामाच्या मुळाशी आहे. डॉक्टर रस्त्याच्या कडेला बसकण मारतात, जखम धुतात, नाडी पाहतात आणि बोलता बोलता त्या माणसाचे नाव, गाव, मुलेबाळे विचारतात. आजी-आजोबा अशीच त्यांची हाक असते. पुष्कळ वृद्धांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारल्याला कित्येक वर्षे लोटलेली असतात. ओळख झाली, विश्वास बसला म्हणजे डॉक्टर हळूच विचारतात, ‘भीक सोडून काही काम कराल का?’

सगळेच होकार देत नाहीत. काही जण हसतात, काही जण औषध घेऊन निघून जातात, काही जण काम सुरू करून आठ दिवसांत पुन्हा पायरीवर येऊन बसतात. परंतु काही जण टिकतात. वृद्ध स्त्रियांच्या एका गटाने हातात खराटे घेतले. सार्वजनिक जागा झाडून द्यावयाच्या आणि त्याचा मोबदला घ्यावयाचा, असे त्यांचे काम. या गटाला ‘खराटा पलटण’ असे झोकदार नाव मिळाले. कोणाला विकावयास किरकोळ माल मिळाला, तर कोणाला वजनकाटा. वजनकाटा घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला मिळणारे नाणे पूर्वीएवढेच असते. मात्र ते देण्यापूर्वी देणाऱ्याला चपला काढून काट्यावर उभे राहावे लागते, आणि बारीक आकडा दिसला नाही तर म्हाताऱ्यालाच विचारावे लागते, ‘आजोबा, किती भरले?’