गॅलरीवर पैसे घालू नकोस

परवा फोनवर तू म्हणालीस, "अक्का, एवढ्या पैशात परळीत प्लॉट आला असता," आणि मग गप्प झालीस. तुझं ते गप्प होणं मला लहानपणापासून पाठ आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानापुढं अशीच थबकायचीस. हवं तर असायचं, पण मागायचं नाही. म्हणून आज दुपारची झोप सोडून लिहायला बसलेय. जायचं की नाही, हे तू मनातल्या मनात कधीच ठरवलंयस. बत्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलास, जगाच्या नकाशात अगदी तळाला खडूनं पांढरा पट्टा ओढलास. अंटार्क्टिकाचा तो पट्टा तुला बघायचाय. राहिलं जहाज कोणतं घ्यायचं ते, आणि तिथं माझं ऐक, कारण मी तिथं चुकलेय.

तुझ्याकडं आलेल्या त्या रंगीत पुस्तिकांत पहिल्याच पानावर गॅलरी असेल. गॅलरीत दोन खुर्च्या, शाल पांघरलेली बाई आणि समोर हिमनग. मीही त्याच चित्राला भुलले. बुकिंग करणारा म्हणाला, आयुष्यात एकदाच जाताय, सगळ्यात वरच्या मजल्यावरची केबिन घ्या. घेतली. अर्जेंटिनाच्या पार खालच्या टोकाला उशुआया आहे, तिथून संध्याकाळी जहाज सुटलं. बीगल खाडीत पाणी कसं, मांजरा धरणासारखं निवांत. मध्यरात्री ड्रेक सामुद्रधुनी लागली. अंबाजोगाईहून बीडला जाताना एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून मांजरसुंब्याचा घाट उतरलीयस ना? तेच, पण दोन दिवस आणि दोन रात्री. गॅलरीचं दार उघडायचं नाही अशी सूचना आली. मी आणि तुझे दाजी गादी खाली ओढून जमिनीवर झोपलो. व्हरांड्यातल्या कठड्यात दर चार हातांवर कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या होत्या, त्या कशासाठी हे मला पहाटे तीनला कळलं. आणि खालच्या मजल्यावर, मधोमध, गोल खिडकीच्या स्वस्त केबिनीत राहिलेल्या नाशिकच्या दोघी बहिणी सकाळी नाष्ट्याला हजर!

पाळण्याचं टोक जेवढं हलतं तेवढा मध्य हलत नाही. जहाजाचंही तसंच. खालचा मजला, मधली केबिन, साधी खिडकी, एवढंच माग. केबिनीत तू झोपायला आणि कपडे बदलायलाच जाणार आहेस. तिकडं डिसेंबर-जानेवारीत रात्रही धड होत नाही, उजेड सरत नाही. कोण बसतंय गॅलरीत? सगळे वर डेकवर असतात.

मग पैसे घालायचे कशात? किनाऱ्यावर उतरण्यात. हा एकच प्रश्न तू प्रत्येक कंपनीला विचार: जहाजावर माणसं किती, आणि दिवसातून किती वेळा खाली उतरवता? तिथं जहाजं नेणाऱ्या कंपन्यांची १९९१ पासूनची एक संघटना आहे, तिचा नियम असा, की एका ठिकाणी एका वेळी शंभरच प्रवासी उतरायचे. पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या जहाजातून तर कुणालाच उतरता येत नाही, लांबून बघायचं आणि परत फिरायचं. आता हिशेब तूच कर. शंभराचं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात. दोनशेचं असेल तर निम्मे बर्फावर आणि निम्मे आपली पाळी येईस्तोवर जहाजात. म्हणून लहान जहाज महाग असतं आणि ते महागपण सार्थकी लागतं. स्वस्तात मिळतंय म्हणून मोठं जहाज घेतलंस, तर पोहण्याचा तलाव, नाचगाण्याचा हॉल सगळं मिळेल, आणि पेंग्विन दुर्बिणीतून दिसतील.

लहान जहाजावरची मला सगळ्यात आवडलेली जागा कुठली सांगू? खालच्या मजल्यावरची बूट घालायची खोली. पुस्तिकेत तिचा फोटो नसतो. भिंतीला ओळीनं खुंट्या, खुंटीवर आपापला नंबर, खाली गमबूट. उतरायच्या आधी आणि परत आल्यावर बूट गुलाबी औषधाच्या पाण्यात बुडवून ब्रशनं घासायचे, म्हणजे एका बेटावरची घाण दुसऱ्या बेटावर जात नाही. पहिल्या उतरणीआधी सगळ्यांचे कोट, पिशव्या, खिसे तपासले. एक तरुण मुलगी चिमटा आणि छोटा व्हॅक्यूम घेऊन बसली होती. माझ्या जुन्या पिशवीच्या चिकटपट्टीत तिला काय सापडलं? कुसळ! आपल्या वावरातलं, पाऊस सरला की लुगड्याच्या काठाला चिकटून घरी येतं ते. मोजून दीड इंच. तिनं ते चिमट्यानं काढून उजेडात धरलं, विचारलं, कुठलं? मी म्हटलं, माझ्या गावचं. त्या जमिनीवर आजवर न उगवलेलं एखादं बी आपल्या खिशातून तिथं पडू नये, एवढ्यासाठी ही सारी खटपट. मला ते फार पटलं. आपण येळ अमावस्येला ज्या निष्ठेनं रानाची पूजा मांडतो, तीच निष्ठा त्या चिमट्यात दिसली.

तिथून रबरी होडीत बसायचं. दहाएक माणसं मावतात. हाताला हात द्यायचा नाही, मनगटाला मनगट धरायचं, ओल्या हातमोज्यातूनही निसटत नाही. होडीच्या फुगीर काठावर टेकायचं आणि सरकत जायचं. तुझा डावा गुडघा एवढं करू शकेल, पण पुढचं ऐक. किनाऱ्यावर खाली बसायला, गुडघा टेकायला, पिशवी ठेवायलाही बंदी आहे. पक्ष्यांमधल्या साथीच्या तापामुळं हा नियम आणखी कडक झालाय. दोन-तीन तास उभं राहायचं किंवा बर्फात चालायचं. पेंग्विनपासून पाच मीटर लांब. तो स्वतःहून जवळ आला, तर आपण जागीच थांबायचं. म्हणून आजपासून रोज सकाळी वैजनाथाच्या पायऱ्या चढ-उतर कर. देवळात जातेसच, गाडी खाली लावत जा.

आणि एक गोष्ट, जी पुस्तिकेत नसते आणि पुरुष सांगत नाहीत. किनाऱ्यावर संडास-बाथरूम नाही. आडोसाही नाही आणि परवानगीही नाही. पाच थर कपडे अंगावर असतात. उतरायच्या तासभर आधी चहा नको, आणि बूट चढवण्याआधी बाथरूमला जाऊनच ये. अगदीच वेळ आली तर लाजू नकोस, होडीवाल्याला सांग, तो जहाजावर परत नेतो. मी पहिल्या दिवशी लाजले आणि अर्धं लक्ष तिकडंच राहिलं.

आता पाण्याचं. हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. पहिल्या दिवशी केबिनीतल्या मोरीत नळ सोडला तर भरभरून गरम पाणी. मी घाबरून बंदच केला. २०१५ साली पाण्यावाचून परळीचं वीजकेंद्र बंद पडलं, ती थंड धुराडी आपण दोघींनी पाहिलीत. पुढच्या वर्षी शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं, अंबाजोगाईत आम्ही टँकरची वाट बघत घागरी मांडून बसायचो. मी यंत्रखोलीतल्या माणसाला विचारलं, एवढं गोडं पाणी आणता कुठून? तो म्हणाला, आणत नाही, इथंच करतो. समुद्राचं पाणी आत ओढायचं, फार मोठ्या दाबानं जाळीतून ढकलायचं, मीठ मागं राहतं. आपल्या घरचं पाणी शुद्ध करायचं यंत्र असतं ना, त्याचाच थोरला भाऊ. मग दुसऱ्या दिवशी डेकवर उभी होते, तर समोरून हिमनग चाललेला, आपल्या योगेश्वरीच्या देवळापेक्षा कितीतरी मोठा, आणि पोटात निळा उजेड. जगातल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी या एका खंडावर बर्फ होऊन बसलंय, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. ऐकलं होतं; त्या दिवशी पाहिलं. घागर मांडून बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी पाहिलं. मी रडले. तुझे दाजी म्हणाले, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं असेल. म्हटलं, असेल. उरलेले आठ दिवस मी अंघोळ मात्र मगानंच मोजून केली.

संध्याकाळी मोठ्या बैठकखोलीत तास असतो, हे तुझ्यासाठी सगळ्यात मोठं सुख. बर्फाचा अभ्यासक, पक्ष्यांचा, देवमाशांचा, असे सात-आठ जण जहाजावरच राहतात आणि आपल्याच टेबलावर जेवतात. कंपनी ठरवताना त्यांची यादी मागून घे. स्पा आणि बाष्पस्नानाची यादी बघू नकोस. त्यांनी शोधयात्रांचा इतिहास सांगितला, सगळी गोऱ्यांची नावं. मी हात वर केला. म्हटलं, आमची पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली होती, एकवीस जणांची. आणि १९८३ च्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या अदिती पंत होत्या, सुदीप्ता सेनगुप्तांच्या बरोबरीनं. तिथं गेलेल्या पहिल्या भारतीय बायका त्या. त्या गोऱ्या पोरानं वहीत लिहून घेतलं. मात्र आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं तुला दिसणार नाहीत. ती खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला आहेत, हे तुला नकाशावर दाखवायला नको.

आजारपणाचा विचार आधीच कर. जहाजावर एक डॉक्टर, एक छोटा दवाखाना. मोठं काही झालं तर विमानानं बाहेर काढावं लागतं, तेही हवा चांगली असेल तरच. म्हणून आजारी माणसाला उचलून आणण्याचा खर्च ज्यात धरलाय तोच विमा घे, आणि साखर आहे हे अर्जात लपवू नकोस. गोळ्या हातातल्या पिशवीत, दुप्पट दिवसांच्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोटीत चढायच्या आधीच घ्यायची, पोट ढवळल्यावर नाही. आवळासुपारी ने, तोंडाला चव राहते. पण किनाऱ्यावर उतरताना खिशात ठेवू नकोस, तिथं खायचं काहीही न्यायचं नसतं. आपण शाकाहारी आहोत हे पैसे भरतानाच लिहून दे. मला रोज गरम वरण आणि भात मिळाला.

पहिल्याच दिवशी भोंगा वाजवून सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं घालून उभं करतात. कंटाळा करू नकोस. १९६९ साली खास अशा प्रवासासाठीच बांधलेलं पहिलं लहान लाल जहाज, लिंडब्लाड एक्सप्लोरर, पुढं २००७ मध्ये त्याच भागात बर्फाला लागून बुडालं. पण त्यावरचे १५४ च्या १५४ जण बचावहोड्यांतून सुखरूप निघाले. मला ती गोष्ट ऐकून भीती वाटण्याऐवजी धीर आला.

आणि समुद्राचंच भय वाटत असेल तर तसं सांग, दुसरी वाटही आहे. आम्ही २०१९ साली आंग्रियानं मुंबईहून गोव्याला गेलो होतो, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते जहाज. एका रात्रीत कळलं, की पाणी मला मानवतं. करोनात ती फेरी बंद झाली, नाहीतर तुला आधी त्यावरच चढवलं असतं. नदीवर हवं असेल तर गंगा विलास आहे. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगढला निघालं, अठरा खोल्या, छत्तीस माणसं, एक्कावन्न दिवस. उलटीचं नाव नाही. पण तू गंगेवर समाधान मानशील असं मला वाटत नाही. तुझा पट्टा खाली आहे.

प्लॉटचं म्हणशील तर, एक प्लॉट आहे तुमचा. माणशी दहा लाखांच्या पुढं खर्च येतो, हे खरं, आणि आपल्या गावातून ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेली कुटुंबं आठवून घास अडकतो, हेही खरं. माझाही अडकला. तुझी पेन्शन, तुझ्या बत्तीस वर्षांची. पोरांची शिक्षणं झाली, लेकीचं लग्न झालं, सासूबाईंचं तू शेवटपर्यंत केलंस. यातलं काही राहिलं असतं तर मीच तुला थांबवलं असतं. गुडघा अजून चालतोय तोवर जा. परत आलीस की शाळेत पोरांना सांग, खडूचा पट्टा काढून.

रविवारी सकाळच्या गाडीनं ये, सुधारस करते. जाड मोजे घेऊन ये, दोन जोड घालून पायाचं माप काढू, बुटांचा नंबर त्यांना आधी कळवावा लागतो. माझं लाल जाकीट कपाटात वरच्या खणात आहे, तुला बाह्या थोड्या लांब होतील. पंखा लावून घालून बघू. नेणार असशील तर त्याचे खिसे आधी उलटे करून अंगणात झटक, मी ते परवाच वावरात घालून गेले होते.