धो धो पाऊस आणि कोरडी विहीर

प्रश्न : जुलैमध्ये ताम्हिणीला सहलीला गेलो होतो. वाटेतल्या वीस-पंचवीस घरांच्या वाड्या पाहून वाटलं, निवृत्तीनंतर इथंच राहावं. पण एक परिचित म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात तिथं टँकरची वाट बघावी लागते.’’ एवढा पाऊस, शेजारी धरण, मग टँकर कशाला? तिथं बारा महिने राहणं असतं तरी कसं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सगळ्याच वाड्यांची ही गत नाही, पण तुमचे परिचित उगाच घाबरवत नाहीत.

पुण्यात वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. पण पाऊस पडणं वेगळं आणि पाणी टिकणं वेगळं. तिथला कातळ बसाल्टचा, घट्ट. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. उतारावर मातीही जेमतेम. म्हणून चार महिन्यांचं पाणी ओढ्यांनी खाली पळतं आणि होळीनंतर विहिरींचे तळ दिसू लागतात. मग ओढ्यात झिरा खणायचा, साचेल तसं पाणी वाटीनं हंड्यात भरायचं. हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला.

आता धरण. तुम्हाला दिसलं ते मुळशीचं. टाटांनी विजेसाठी बांधलेलं. त्यातलं पाणी घाट उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जातं. वरच्या वाडीला ते हवं तर पंप, नळ आणि विजेचं बिल आलंच. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. कारण सरळ होतं : खोऱ्यातली उत्तम भातखाचरं बुडणार होती, आणि ती बुडालीच.

उरलं ते पावसावरचं भाताचं एक पीक. जून-जुलैत चिखलणी आणि लावणी, दिवाळीच्या सुमाराला कापणी. ओल असेल तिथं थोडा हरभरा, पुढे हाताला काम नाही. म्हणून मावळ-मुळशीचे पुरुष पूर्वीपासून मुंबईची वाट धरत आले. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बरेचसे याच पट्ट्यातले आणि शेजारच्या खेड, जुन्नर, आंबेगावचे. एरवी सहसा सलग सुट्टी न घेणारे हे लोक एप्रिलमध्ये ग्रामदैवताच्या यात्रेसाठी गावी येतात, आणि मुंबईतल्या साहेबांना तेवढे दिवस डब्याची दुसरी सोय बघावी लागते. हल्लीची तरुण मुलं पिरंगुट-हिंजवडीच्या कंपन्यांत जातात. दुचाकीनं रोज परतता येतं, एवढाच फरक.

यात्रा सरली की वाडीत म्हातारी माणसं, दोन शिक्षकांची शाळा आणि एसटी चुकली तर दवाखान्यासाठी कुणाच्या तरी जीपची विनवणी.

‘गावात शांतता असते’ हा आणखी एक शहरी समज. आवाज कमी असतो, खरं. पण तुमच्याकडे कोण आलं, किती दिवस राहिलं, भाजी कुठून आणली, हे सगळ्यांना माहीत असतं. भावकीत बांधावरून वाद असला तर दोन्ही बाजूंचा चहा पिताना जपून बोलावं लागतं. आणि रात्री-अपरात्री साप निघाला तर बोलवावं लागत नाही, चार घरांतली माणसं काठ्या घेऊन येतात. चौकशी आणि मदत एकाच दारातून आत येतात. एक नको म्हणून चालत नाही.

तरी हौस असेलच तर आधी मे महिन्यात आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहून बघा. आणि जमीन घेणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या : महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही.