तहान आणि माया : निरीश्वरवादी मराठी वाचक आणि बुद्धाचा आसक्तिविचार

देव न मानणाऱ्या माणसाला बुद्ध जवळचा वाटतो, हे विधान मराठीत इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. बुद्धाने ईश्वर बाजूला ठेवला, म्हणून निरीश्वरवादी त्याच्याकडे वळतात, असा हा सरळ हिशेब. पण केवळ नाकारण्यापुरतेच पाहायचे तर चार्वाक अधिक सोयीचा आहे. तो सुखातले काही सोडायला सांगत नाही. बुद्ध मात्र आसक्तीही सोडायला सांगतो. सुख कशाला म्हणायचे, ते कशाने हाती येते आणि कशाने हातचे जाते, याविषयी त्याचे स्वतःचे असे म्हणणे आहे. ते म्हणणे निरीश्वरवाद्याला कुठपर्यंत पटते, एवढाच या लेखाचा विषय. मी तत्त्वज्ञानाची नव्हे, साहित्याची अध्यापक आहे. त्यामुळे शब्द आणि ग्रंथ या दोनच वाटांनी मला जाता येईल.

आरंभी 'नास्तिक' या शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आज आपण हा शब्द 'देव न मानणारा' या अर्थाने वापरतो. जुन्या दर्शनपरंपरेत तो वेदप्रामाण्य न मानणाऱ्यासाठी होता. म्हणून ईश्वराची गरज न भासलेले सांख्य आणि मीमांसक आस्तिक ठरले, आणि बौद्ध, जैन, चार्वाक नास्तिक. डॉ. आ. ह. साळुंखे यांनी 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' असे ग्रंथनाम ठेवून ही वर्गवारीच उलटी केली आणि पुढे 'सर्वोत्तम भूमिपुत्र : गोतम बुद्ध' लिहिले. एकाच लेखकाच्या हातून चार्वाक आणि बुद्ध दोघांवरही ग्रंथ लिहिले जावेत, ही गोष्ट मला आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी वाटते. गंमत अशी की पाली वाङ्मयात 'नत्थिक' हा शब्द येतो तो बुद्धासाठी नव्हे, तर दानाला फळ नाही, परलोक नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात अजित केसकंबलाचे मत असे नोंदलेले आहे आणि बुद्धाला ते मान्य नाही. म्हणजे वैदिकांनी ज्याला नास्तिक म्हटले, त्याच्या लेखी नास्तिक आणखी दुसरेच कोणी होते. आजच्या निरीश्वरवाद्याने बुद्धाला 'आपला' म्हणण्यापूर्वी ही नोंद वाचलेली बरी.

आता आसक्तीकडे वळू. पालीत मूळ शब्द 'तण्हा', संस्कृतात 'तृष्णा'. तृष्णा मराठीत ग्रंथांपुरती राहिली, पण तण्हा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'तहान' हा शब्द त्याच मुळातून आला. मराठी मूल बोलायला लागले की काही दिवसांतच 'तहान लागली' म्हणते. त्याला बौद्ध परिभाषेतला पहिला शब्द फुकटच मिळालेला असतो. (आमच्या भागातल्या कन्नडमध्ये तहानेला 'नीरडिके' म्हणतात. त्यात पाणी आहे, तण्हा नाही.) मात्र इथेच एक अडचण उभी राहते. तहान हा काही दोष नव्हे. तहानलेल्याला पाणी देणे हे आपल्याकडे पुण्याचे काम. मग तण्हेला दुःखाचे मूळ कसे म्हणायचे?

वर्गात हे समजावताना मला निपाणी उपयोगी पडते. निपाणीचा संसार पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूवर चालला. आमच्या विद्यार्थ्यांना तंबाखूचे मळे, वखारी, विड्या वळणाऱ्या बायका हे सगळे पाहून किंवा ऐकून माहीत असते. त्यांना मी विचारते, तहान आणि तलफ यांत फरक काय? उत्तर लगेच येते. तहान पाण्याने भागते. तलफ भागवली की थोड्या वेळाने पुन्हा येते, आणि पहिल्यापेक्षा जोराने. बुद्धाची तण्हा ही तलफ आहे. तिच्या पुढची पायरी 'उपादान', म्हणजे घट्ट धरून राहणे. याच शब्दाचा दुसरा अर्थ सरपण किंवा इंधन. सरपण संपले की आग शांत होते, तेच निर्वाण. या सगळ्या मांडणीत देव कुठेच लागत नाही. पापाचा हिशेब ठेवणारा कोणी नाही, क्षमा करणारा नाही. वेदनेतून तृष्णा कशी होते हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे आणि पटले तर घ्यावे. निरीश्वरवाद्याला पहिले आकर्षण वाटते ते या कार्यकारणाचे. त्याने विज्ञानाकडून जी सवय लावून घेतलेली असते, ती इथे मोडावी लागत नाही.

पण आकर्षण वेगळे आणि स्वीकार वेगळा. मराठीत ज्यांनी बुद्ध गंभीरपणे मांडला, त्यांनी आसक्तीचा विचार जसाच्या तसा उचललेला नाही. त्यांनी त्याची जागा बदलली, असे माझे मत आहे.

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) गोव्यातल्या सांकवाळचे. १८९९ साली पत्नी आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ते बाहेर पडले आणि पुणे, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये सिंहलद्वीपाला पोहोचले. तिथे पाली शिकले, भिक्षू झाले. ही सगळी हकिगत 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे. मराठीतल्या गद्याचा इतका निगर्वी नमुना विद्यार्थ्यांनी वाचलाच पाहिजे, असे मी दर वर्षी सांगते. १९०६ च्या सुमारास ते परतले, भिक्षुवस्त्र उतरवून पुन्हा संसारात आले. या माणसाने 'भगवान बुद्ध' लिहिताना सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून विरक्ती आल्याची, ऐतिहासिक म्हणून स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातले भांडण आणि त्यातून हाती घेतली जाणारी शस्त्रे, हे कारण त्यांना सुत्तनिपाताच्या आधाराने अधिक खरे वाटले. 'बोधिसत्त्व' हे नाटक त्यांनी याच कारणावर उभारले. डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथातही, रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या वादात युद्धाला नकार देऊन सिद्धार्थ बाहेर पडतो.

खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. म्हादई आणि मलप्रभा दोन्ही इथल्याच डोंगरांत उगम पावतात, आणि नदीचे पाणी कोणाचे हा वाद आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आहोत. हा बदल लहान नाही. प्रेत पाहून आलेले वैराग्य एकट्या माणसाचे असते. दोन गावे एकाच पाण्याला घट्ट धरून बसतात, तेव्हा तृष्णा माणसामाणसांच्या मधली गोष्ट होते. निरीश्वरवाद्याला ती तिथे दिसली की ओळखीची वाटते.

'दी बुद्ध अँड हिज धम्म' हा बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका घेतली आहे. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख, असे म्हटले तर धर्म निराशेचा होतो आणि बौद्धेतरांना तो स्वीकारणे कठीण जाते, असे त्यांचे म्हणणे. एवढेच वाचून अनेकजण थांबतात आणि आंबेडकरांनी तृष्णेचा विचार टाकून दिला, असा निष्कर्ष काढतात. तो बरोबर नाही. त्याच ग्रंथात तृष्णात्याग म्हणजे धम्म, असे सांगणारे स्वतंत्र प्रकरण आहे. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे, दरिद्री माणसाने दारिद्र्यातच धन्यता मानावी असे बुद्ध म्हणत नाही, हे त्यात स्पष्ट केले आहे. मग महानिदानसुत्तातली साखळी येते. तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून मालकी, मालकीतून कंजुषी, राखण, आणि राखणीतून काठ्या-शस्त्रे, भांडण, खोटेपणा. वर्गसंघर्षाची ही योग्य मीमांसा आहे, असा अभिप्राय आंबेडकर देतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुत्तातला सरपणाचा आणि आगीचा विचार तिथे एकदम शेताच्या बांधावर येऊन पोहोचतो.

याची गरज का पडली, ते मला एका विद्यार्थ्याच्या प्रश्नातून नीट कळले. आई-वडील दुसऱ्याच्या रानात राबणारे. मुलगा मागच्या बाकावरचा. "मॅडम, सोडा म्हणताय, पण आमच्याकडं सोडायला हाय काय?" तो देव मानणारा होता की नव्हता, मला ठाऊक नाही. पण निरीश्वरवाद्यांचा वैराग्यावरचा मुख्य आक्षेप त्याने एका वाक्यात सांगितला. धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी, गणिती, इतिहासकार आणि पक्के मार्क्सवादी, यांनी हाच आक्षेप भर्तृहरीवर घेतला. १९४१ च्या सुमारास लिहिलेल्या लेखात त्यांनी भर्तृहरीच्या वैराग्याची प्रत तपासली आणि त्यात सत्ताधाऱ्यांच्या आधाराने जगणाऱ्या, पण मनासारखे न मिळालेल्या मध्यमवर्गीय विद्वानाची खंत दाखवली. ज्याला मिळाले नाही तो 'नकोच होते' म्हणतो, हे वैराग्य नव्हे. लेख कठोर आहे, काही ठिकाणी भर्तृहरीवर अन्याय करणाराही. तरी ज्याच्यापाशी काही नाही त्याला त्यागाचा उपदेश करणारे सगळे वाङ्मय या कसोटीवर घासून पाहावे, असे मला वाटते.

पाली वाङ्मय त्या कसोटीवर सगळेच नापास होत नाही. अंगुत्तरनिकायात अनाथपिंडिक या गृहस्थाला चार सुखे सांगितली आहेत : अत्थिसुख, म्हणजे कष्टाने आणि सचोटीने मिळवलेले आपल्यापाशी असणे; भोगसुख, त्याचा उपभोग घेणे आणि त्यातून दान करणे; अनणसुख, कोणाचे थोडेही देणे नसणे; आणि अनवज्जसुख, निर्दोष आचरणाचे सुख. शेवटचे सगळ्यांत मोठे मानले आहे. माझे मन मात्र तिसऱ्यावर अडते. 'अनण' म्हणजे अनृण, कर्जमुक्त. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे सुत्त सांगितले. सावकार, सोसायटी, बँक या तिन्ही पायऱ्या चढलेल्या घरात 'देणे नसणे' हे सुख म्हणून वेगळे शिकवावे लागत नाही. त्याने वहीत लिहून घेतलेला त्या तासातला तो एकच शब्द होता. इथे स्वर्ग नाही, मोक्ष नाही, देवाची कृपाही नाही. आणि उपभोगाला 'नको' असेही म्हटलेले नाही. निरीश्वरवाद्याने बुद्धाच्या सुखविचाराचे दार शोधायचे तर ते मला निर्वाणापेक्षा इथे दिसते.

इथवर मार्ग बराच सोपा होता. अडचणी दोन उरतात, आणि दुसरी अधिक कठीण.

पहिली कर्म आणि पुनर्जन्माची. पुनर्जन्म वजा केला तर आसक्ती सोडण्याचे कारण उरते का? आंबेडकरांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आणि शरीरातली महाभूते विश्वातल्या महाभूतांत मिसळून पुन्हा एकत्र येतात, एवढ्या भौतिक अर्थानेच तो ठेवला. परंपरेतल्या बौद्धांना हे पटणार नाही. निरीश्वरवाद्याला मात्र एवढी तडजोड पुरते, कारण तलफेचे दुःख त्याला याच जन्मात दिसते.

दुसरी अडचण मायेची. संस्कृतात लोभ, मोह, माया ही दोषांची नावे. मराठीने मोह तसाच ठेवला, पण उरलेल्या दोन शब्दांचे काय केले पाहा. आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो, आणि आजी नातवाला 'माया लावते'. या भाषेत वाढलेल्या माणसाला 'माया सोड' म्हणणे म्हणजे निर्दय हो म्हणण्यासारखे आहे. मज्झिमनिकायातल्या पियजातिकसुत्तात एकुलता एक मुलगा गेलेला बाप बुद्धाकडे येतो. प्रिय माणसांपासूनच शोक निर्माण होतो, असे बुद्ध सांगतो. बापाला ते पटत नाही. तो उठून जुगार खेळणाऱ्यांकडे जातो, आणि प्रियजनांपासून आनंदच मिळतो, असे ते म्हणतात तेव्हा त्याचे समाधान होते. हे सुत्त शिकवते तेव्हा वर्ग दर वेळी जुगाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो. सुत्तात पुढे मल्लिका राणी पसेनदी राजाला हळूच विचारते, तुमची मुलगी वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? तिला काही झाले तर तुम्हाला दुःख होईल की नाही? होईल, असे राजा कबूल करतो. 'प्रेम करू नका' असे मल्लिका कुठेही म्हणत नाही. प्रेमाची किंमत काय पडते, एवढेच दाखवते. माझ्या समजुतीने सुत्ताचा अर्थही तेवढाच आहे. महापरिनिब्बानसुत्तात दाराला टेकून रडणाऱ्या आनंदाला बुद्ध रागावत नाही. त्याने मनापासून केलेल्या सेवेची वाखाणणी करतो. म्हणून तहान आणि माया हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले, यात मला आसक्तिविचाराची हानी दिसत नाही, उलट स्पष्टता दिसते. या भेदावर निरीश्वरवादी वाचक आणि बौद्ध वाचक यांचे जमू शकेल.

पाली परंपरा उपादानाचे चार प्रकार सांगते : कामभोगाचे, दृष्टीचे म्हणजे मतांचे, शीलव्रतांचे आणि आत्मवादाचे. निरीश्वरवादी पहिल्यावर विचार करतो, तिसऱ्यावर आणि चौथ्यावर खूश होतो, आणि दुसऱ्यावरून चटकन पुढे जातो. 'देव नाही' हीसुद्धा एक दृष्टीच आहे, आणि तीही मुठीत धरता येते. सीमाभागातल्या वाचकाला मी याच ओळीवर जरा थांबायला सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथल्या घरांत मराठी ही बोलण्याची भाषा राहिली आणि धरून ठेवण्याचीही झाली. ज्या मुलांना मी शिकवते त्यांच्यापैकी निम्मी बाजारात कन्नड बोलतात, घरी मराठी, आणि दोन्हींत हसतात. त्यांची मराठीवरची माया मला दिसते. माझी माया आहे की उपादान, हे विचारण्याची त्यांच्यापैकी एकालाही अजून गरज वाटलेली नाही. मला मात्र वाटते.